मिळेल त्या भावाला

आमच्या सोसायटीत गाड्यांच्या जागेवरून आता भांडणं होत नाहीत. याचं सगळं श्रेय लोक मला देतात. परवा तर शेजारच्या सोसायटीचे दोघं मला व्याख्यानाला बोलवायला आले होते. मी त्यांना दारातूनच परत पाठवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. बायको म्हणाली, "अहो, निदान बसा तरी म्हणायचं." बसा म्हटलं की ते विचारणार, हे सगळं कसं जमवलंत? ते सांगण्यापेक्षा मी एखादा दात उपटून घेईन. आणि ती सोय घरबसल्या आहे, कारण आमचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर आहेत. समोरचा माणूस तोंड उघडून गप्प बसलेला असतो, याची त्यांना सवय. त्यामुळे मीटिंगमध्ये कोणी उलट बोललं की ते गोंधळतात.

एकवीस बिऱ्हाडं आणि गाड्यांच्या जागा बारा. दरवर्षी चिठ्ठ्या टाकायच्या आणि दरवर्षी मारामारी व्हायची. एके वर्षी डब्यातून तेरा चिठ्ठ्या निघाल्या, तेव्हा दोन डॉक्टर आणि एक प्राध्यापक एकमेकांच्या कॉलरला धरून उभे असलेले मी या डोळ्यांनी पाहिले आहेत.

एक नंबरची जागा मात्र चिठ्ठ्यांमध्ये नसायची. ती आमच्याकडे होती. इमारतीच्या मागे, उताराला लागून, लिफ्टच्या अगदी तोंडाशी. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा आधीच्या सेक्रेटरींनी कुठल्याही नियमात न बसवता, "काका, तुम्ही आपली इथेच लावत जा," म्हणून सांगितलं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी आईला इस्पितळात व्यायामाला न्यावं लागतं. तिथे गाडीचं दार उघडलं की चार पावलांत लिफ्ट. बाकीच्या अकरा जागा पुढच्या आवारात, आणि तिथून आत यायला सात पायऱ्या. हाडांच्या डॉक्टरांनी बजावलेलं, पायऱ्या चढायच्या नाहीत आणि व्यायाम चुकवायचा नाही, पाय एकदा आखडला की कायमचा आखडेल. आई ब्याऐंशीची आहे. आठवड्यातून दोनदा बाहेरचं जग दिसतं म्हणून ती आदल्या दिवसापासून बूट काढून ठेवायची.

आता माझ्या नोकरीबद्दल. मी तीस वर्षं तंत्रज्ञानाच्या कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक शेअर बाजारात होतो. हे सांगितलं की लोक लगेच जवळ सरकतात आणि हळूच विचारतात, "मग, काय घ्यावं सध्या?" अहो, मी देखरेख विभागात होतो! घेणाऱ्यांवर आणि विकणाऱ्यांवर डोळा ठेवणं, कोणी लबाडी केली तर अहवाल लिहिणं, हे माझं काम. पण पोलीस ठाण्यातल्या माणसाला चोरीचे चांगले पत्ते विचारावेत तसं लोक मला विचारायचे.

माझा मेहुणा एकदा बाजार बघायला आला. त्याला वाटलं मोठा दिवाणखाना असेल, माणसं हात उंचावून ओरडत असतील, घंटा वाजत असेल. मी त्याला काचेपलीकडची थंडगार खोली दाखवली. कपाटांच्या रांगा, हिरवे दिवे आणि घूंऽऽ असा आवाज. तो पाच मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "ते ठीक आहे हो दाजी. पण बाजार कुठाय?"

बाजार तोच होता. कुठूनही घेण्याचा नाहीतर विकण्याचा हुकूम येतो, यंत्र त्याला रांगेत लावतं. घेणाऱ्यांत जो जास्त द्यायला तयार तो पुढे, विकणाऱ्यांत जो कमी मागतो तो पुढे. दोघांचा भाव एकच असेल तर जो आधी आला तो आधी. दोन्ही रांगांची तोंडं जुळली की सौदा झाला, पापणी लवायच्या आत. हा कोणाचा जावई, तो कोणाच्या ओळखीचा, हे यंत्र विचारत नाही. मला या गोष्टीचा फार अभिमान होता. गॅरेजमध्ये चार पोरांनी काढलेली कंपनी, नफ्याचा पत्ता नाही, बँक दारात उभं करत नाही. अशा कंपनीला आमच्या बाजारात अनोळखी लोक पैसे देतात. का देतात? कारण उद्या नको वाटलं तर तो कागद लगेच विकता येईल, याची त्यांना खात्री असते. ती खात्री नसती तर तुमच्या खिशातला फोन अजून कोणाच्या तरी वहीत चित्र म्हणून पडला असता. हे मी घरी इतक्या वेळा सांगितलंय की "ती खात्री नसती तर" एवढं म्हटलं की बायको गॅस बंद करायला उठते.

शेवटी माझं कामही यंत्राकडेच गेलं. देखरेखीचा नवा प्रोग्राम आला, त्याला पगार नाही, रजा नाही, मणक्याचा त्रास नाही. मला शाल वगैरे काही नाही, एक भिंतीवरचं घड्याळ देऊन दोन वर्षं आधीच घरी पाठवलं. घड्याळ रोज चार मिनिटं पुढे जातं.

अशा मनःस्थितीतल्या माणसानं सोसायटीच्या मीटिंगला जाऊच नये. मी गेलो. चिठ्ठ्यांचा डबा टेबलावर आला, आरडाओरडा सुरू झाला, आणि मी उभा राहून म्हणालो, "डबा फेकून द्या. आपण बाजार करू."

बेत साधा होता. दर वर्षी प्रत्येक बिऱ्हाडाला शंभर पॉइंट. ज्याच्याकडे जागा आहे त्याची ती, पण आता ती त्याला विकता येईल, दुसऱ्याला घेता येईल, सगळं फोनवर, सगळ्यांसमोर. उरलेले पॉइंट वर्षअखेरीस देखभालीच्या बिलातून वजा. ओळख नाही, वशिला नाही, कॉलर नाही. सेक्रेटरी खूश झाले. "म्हणजे भूल न देताच सगळे गप्प?" त्यांनी विचारलं. त्यांच्या दृष्टीनं ही मोठी प्रगती होती.

प्रोग्राम आमच्या सूनबाईनं लिहिला. ती याच कामात आहे आणि तिनं तो एका रविवारात लिहिला, हे मला थोडं लागलं. नियम मात्र मी लिहिले. त्याला तीन आठवडे लागले. एकोणीस नियम, पोटकलमं वेगळी. तीस वर्षं लोकांनी काढलेल्या सगळ्या पळवाटा मला पाठ होत्या, त्या एकेक करून मी बुजवल्या.

मग परवानगी. नोंदणी कार्यालयातल्या कारकुनानं अर्ज वाचून विचारलं, "बाजार म्हणजे भाजीचा का?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, मग बाजार खात्याचं ना-हरकत पत्र आणा. बाजार खात्यानं सांगितलं, बाजार असेल तर पिण्याच्या पाण्याचा नळ आणि दोन स्वच्छतागृहं लागतात, आणि बाजाराचा फोटो जोडा. मी फोनच्या पडद्याचा फोटो जोडला. तिथल्या बाईंनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, "यात माणसं कुठायत?" मला मेहुण्याची आठवण झाली. शेवटी मी मेहुण्यालाच आवारात उभं करून, हात वर करायला लावून फोटो काढला. अर्ज दोन दिवसांत मंजूर झाला.

बाजार सुरू झाला आणि पहिले नऊ दिवस काहीही झालं नाही. पडदा कोरा. ज्यांच्याकडे जागा होती ते म्हणत, आधी घेणाऱ्यानं भाव सांगावा. घेणारे म्हणत, आधी विकणाऱ्यानं. जिन्यात भेटले की लोक मला विचारायचे, "काका, तुमचा बाजार आजारी आहे का?"

मी सेक्रेटरींना समजावलं. खऱ्या बाजारातही हेच होतं, म्हणून तिथे काही व्यापारी पेढ्या नेमलेल्या असतात. इतक्याला घेईन, इतक्याला विकेन, असे दोन्ही भाव त्यांनी कायम लावून ठेवायचे. कोणी नसलं तरी त्या असतात. दोन भावांमधला फरक ही त्यांची कमाई, आणि पळून जायचं नाही हा त्यांचा करार. त्यांच्यामुळे बाजार जिवंत राहतो.

"मग तुम्हीच व्हा ते," सेक्रेटरी म्हणाले.

नाही म्हणायला हवं होतं, पण तीस वर्षांत मला कोणी काही व्हा म्हटलं नव्हतं. पाहुण्यांसाठी वेगळ्या राखलेल्या दोन जागा सोसायटीनं माझ्या ताब्यात दिल्या आणि थोडे जादा पॉइंट. माझ्याकडे असतील त्या जागांना मी विकायचा भाव लावायचा, बाकीच्यांना घ्यायचा. भाव रोज कोण बदलत बसणार, म्हणून सूनबाईनं ते काम प्रोग्रामकडे दिलं. देताना तिनं विचारलं, "बाबा, तुमच्याकडच्या जागांत एक नंबर पण येते. आजींची. ती वगळू ना?"

हा प्रश्न माझ्या कानात अजून आहे. हो म्हटलं असतं तर संपलं असतं. पण मी काय म्हणालो? "वगळायची नाही. नियम लिहिणाऱ्यानंच अपवाद केला तर उद्या सगळे करतील." वर हेही म्हणालो, "फार तर भाव नऊ हजार लाव. कोणाला घेता येतंय?" सूनबाईनं नऊ हजार टाकले. ती फार बोलत नाही. तेव्हा तरी बोलायला हवं होतं, असं मला वाटतं. पण ते तिच्यावर ढकलणं झालं.

बाजार हलायला लागला. जागा विकल्या गेल्या, घेतल्या गेल्या, लोक लिफ्टमध्ये भावांवर बोलायला लागले. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या पॉलिसीनं माझ्याविरुद्ध तक्रार केली.

पॉलिसी म्हणजे विम्याचा एजंट. स्वभावानं गोड, आईला रोज "आजी, बरं आहे ना?" विचारणार. त्याच्याकडे गाडी नाही. तो बसनं फिरतो आणि बसमध्ये विमे विकतो. त्यानं भर मीटिंगमध्ये माझे नियम छापून आणले. "काका, राग मानू नका हं. पण नियम अकरा. भाव लावणाऱ्यानं नावापुरता अचाट भाव लावून कर्तव्य चुकवायचं नाही. आवारातल्या ताज्या सौद्यापासून दहा टक्क्यांच्या आतच भाव लावला पाहिजे. आणि एक नंबरला नऊ हजार आहे."

आता बघा. खऱ्या बाजारात नेमकी हीच चलाखी करणाऱ्या एका पेढीविरुद्ध मी चाळीस पानी अहवाल लिहिला होता. भाव वाटेल तेवढा लांब ठेवायचा आणि म्हणायचं, लावलाय की भाव! एकदा बाजार कोसळला तेव्हा असल्या भुताटकीच्या भावांनाच सौदे झाले आणि लोक बुडाले. त्या अहवालावर साहेबांनी हिरव्या शाईत "उत्तम" लिहिलं होतं. नियम अकरा म्हणजे तोच अहवाल.

सगळे माझ्याकडे बघत होते. बायको मान हलवत होती, नको नको अशी. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "तक्रार योग्य आहे." टाळ्या पडल्या. घरी येईपर्यंत मला फार उंच झाल्यासारखं वाटत होतं. घरी आल्यावर बायकोनं एकच वाक्य उच्चारलं, "आईंना सांगितलंत का?"

मी सांगितलं नाही. तेव्हा भाव साठाच्या आसपास होता, आणि एक नंबर कोणी घेतलीच तर त्या दिवशी दुसरी घेऊन बदलून मागू, असं काहीतरी मी मनाशी ठरवलं होतं. शिवाय दोन महिने कोणी तिला हात लावला नाही. मागच्या बाजूला आहे, खिडकीतून गाडी दिसत नाही, म्हणून लोकांना ती नकोच होती.

मग एका मंगळवारी सकाळी बातमी पसरली की रस्त्यावर उभ्या केलेल्या गाड्या उद्यापासून उचलून नेणार. बातमी खोटी होती. कोणी पसरवली ते शेवटपर्यंत कळलं नाही. खऱ्या बाजारात असतं तर मी आठवड्यात माणूस शोधून काढला असता. पण त्या वेळी मी इस्पितळात होतो. व्यायामाच्या खोलीत फोन नेऊ देत नाहीत, बाहेर कपाटात ठेवावा लागतो. आई दांडीला धरून एक-दोन, एक-दोन करत होती आणि व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणत होत्या, "आजी, या महिन्यात काठी सुटणार तुमची." आई लाजली. मी तिला इतकी खूश कधी पाहिली नव्हती.

तेवढ्या वेळात आवारात साठाचा भाव ऐंशी झाला, एकशेदहा झाला, एकशेतीस झाला. माझा प्रोग्राम, नियमाला धरून, प्रत्येक सौद्यामागे दहा टक्क्यांच्या आत एक नंबरचा भाव लावत वर चढत होता. न थकता, न विसरता. दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी, जागा घेत-विकत पॉइंट साठवलेल्या पॉलिसीनं हुकूम टाकला: एक नंबर, मिळेल त्या भावाला. एकशेचाळीसला सौदा झाला. माझ्याकडच्या पाहुण्यांच्या दोन जागा आधीच गेल्या होत्या.

आम्ही परत आलो तेव्हा उतारावर साखळी होती. वॉचमन पुढे आला. "साहेब, इथे नाही, उतरवायलासुद्धा नाही. ही आता तिसऱ्या मजल्याची."

"अरे, आई आहे गाडीत!"

"दिसतायत ना साहेब. पण नियम तुमचाच आहे, ताबा ताबडतोब." तो बिचारा खरंच ओशाळला होता.

घाबरायचं कारण नव्हतं. नियम चौदा: उघडउघड चुकीचा सौदा रद्द करता येतो. मी गाडीतच बसून अर्ज लिहिला. प्रति, देखरेख अधिकारी. विषय, एक नंबरचा सौदा रद्द करणेबाबत. आई मागून विचारत होती, "गाडी का थांबवली रे? लिफ्ट बंद आहे का?" मी म्हटलं, "दोन मिनिटं, आई." अर्ज पाठवला आणि लगेच माझाच फोन वाजला. देखरेख अधिकारी मीच होतो. एकमेव.

आईला त्या दिवशी मी आणि वॉचमननं खुर्चीत बसवून सात पायऱ्या वर नेलं. मग मी टेबलाशी बसलो आणि अर्ज तपासायला घेतला. अर्ज सौद्यानंतर अर्ध्या तासाच्या आत यायला हवा. आला होता एक्केचाळीस मिनिटांनी. मी भिंतीवरच्या घड्याळाच्या हिशेबानंसुद्धा बघितलं. त्यानं तर पंचेचाळीस सांगितली. भाव उघडउघड चुकीचा होता का? नव्हता, त्या क्षणी बाजारात तोच भाव होता. अर्जदाराची आई आजारी असल्यास सवलत, असं पोटकलम होतं का? ते मी लिहिलंच नव्हतं. असली पोटकलमं हीच पळवाट असते, हे माझंच मत. दोन तास मी त्या कागदावर बसलो. तीस वर्षांत मी शेकडो अर्ज फेटाळले होते. प्रत्येकाची कोणीतरी आई असणारच. संध्याकाळी मी अर्ज फेटाळला आणि सूचनाफलकावर लावला.

बायकोनं तो खाली जाऊन वाचला. वर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "अहो, अर्ज करणारे तुम्ही, निकाल देणारे तुम्ही, आणि हरलातही तुम्हीच? इतका नेभळटपणा मी जन्मात पाहिला नाही. फाडून टाका ना ते नियम!" मी म्हटलं, मग मी तीस वर्षं काय केलं? ती म्हणाली, "तेच मी विचारतेय."

मी पॉलिसीकडे गेलो. लाज गिळून गेलो. मंगळवार-शुक्रवार तासभर जागा द्या म्हटलं. त्यानं मला बसवलं, पाणी दिलं. "काका, मी एका पायावर दिली असती हो. आजी मला माझ्या आजीसारख्या. पण नियम सहा: बाजाराबाहेर देणंघेणं करायचं नाही, फुकटसुद्धा. तुमची देखरेख आहे, उद्या तुम्हालाच माझ्यावर कारवाई करावी लागेल. तुम्हाला बरं वाटेल का ते?" त्याच्या आवाजात खरीच काळजी होती, हे सगळ्यात वाईट. जागा विकायला मात्र तो तयार होता. भाव चारशे. मी भाव लावायचं काम तेव्हाच सोडलं. चारशे दहा टक्क्यांत बसत नाहीत, असं मी म्हणणार होतो. पण दहा टक्क्यांचा नियम फक्त भाव लावायची जबाबदारी घेतलेल्याला लागतो. साध्या मालकानं चारशे म्हणावं नाहीतर चार लाख.

पुढच्या शुक्रवारी आणि मंगळवारी आईला खुर्चीतून खाली उतरवलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पॉलिसी. हो, तो स्वतःहून आला, नियमात मदतीला बंदी नाही. दुसऱ्या वेळी मधल्या पायरीवर सेक्रेटरी भेटले आणि "अरे वा, पालखीच की!" म्हणाले. आईनं घरी आल्यावर बूट काढले आणि सांगितलं, "मला कपाट असल्यासारखं उचलू नका. मी नाही यायची आता."

व्यायाम बंद आहे. पाय आखडायला लागलाय. पहिल्यांदा मांडी घालता येईना, आता खुर्चीतून उठताना दोघं लागतात. काठी काही सुटली नाही. आईची खुर्ची मागच्या खिडकीशी असते, तिथून खाली एक नंबरची जागा सरळ दिसते. तिथे कोणी गाडी लावत नाही. पॉलिसीकडे गाडीच नाही. साखळी, कुलूप, आणि आत सारवल्यासारखी स्वच्छ रिकामी फरशी. वॉचमन रोज झाडतो.

पाहुण्यांच्या जागांचे पॉइंट सोसायटीकडे परत गेले. एकशेचाळीस मला मिळाले, माझे वीस उरले होते. घ्यायच्या रांगेत मी एकशेसाठ लावून ठेवलेत, सगळेच्या सगळे. एक नंबर घेऊ पाहणाऱ्यांत सगळ्यांत जास्त भाव माझा आहे, आणि सगळ्यांत आधीही मीच आलो. यंत्रात कुठलीही गडबड नाही. मी रोज तपासतो.

आईला मी बाजार समजावून सांगितला. एका दुपारी बसून पहिल्यापासून. घेणाऱ्यांची रांग, विकणाऱ्यांची रांग, आधी भाव मग वेळ. तिनं न कंटाळता सगळं ऐकलं; इतकं मन लावून घरात आजवर कोणी ऐकलं नव्हतं. तिला रांग तेवढी कळली. रांगेत तिनं सगळा जन्म काढलाय.

आज मंगळवार. सकाळी खोलीत गेलो तर ती बूट घालून खुर्चीत बसली होती. दुसऱ्या पायात बूट नीट गेला नव्हता, टाच चुरगळली होती. मी खाली बसून टाच सरळ करायला लागलो.

"आपला नंबर कितवा आहे रे?" तिनं विचारलं.

"पहिला," मी म्हटलं.

"मग उठ ना," ती म्हणाली. "उशीर होतोय."